आबांचा डावा पंख

मी मुलींच्या शाळेत गणित शिकवते. सव्वीस वर्षं झाली. बरोबर उत्तर एकच असतं, असं मी प्रत्येक वर्गाला ठणकावून सांगत आले. गेल्या दिवाळीनंतरच्या दोन महिन्यांत मात्र मला एकाही प्रश्नाचं एक उत्तर मिळालं नाही. हा सगळा घोळ घातला तो चार फुटी, दोन मोटारींच्या, रिमोटवर उडणाऱ्या विमानानं.

ते विमान धाकट्या भावानं पुण्याहून पाठवलं होतं. पाठवलं म्हणजे त्याचे सुटे भाग पाठवले. हलक्या लाकडाचे तक्ते, अक्रोडाएवढ्या दोन मोटारी, दोन पंखे, वायरींचा गुंता, पिवळ्या फिल्मची गुंडाळी आणि वाचून काहीच कळू नये अशा इंग्रजीतलं एक माहितीपत्रक. सोबत मला फोन.

"ताई, हे आबांना बनवायला दे. डॉक्टर म्हणालेत, हाताला काम द्या आणि लक्ष ठेवा. किती विसरतात, कुठं अडतात, ते लिहून ठेव. जमलं त्यांना, तर राहू देत कोल्हापुरात. नाहीच जमलं, तर संक्रांत झाली की मी येऊन त्यांना घेऊन जातो. घर बंद करू."

आबा म्हणजे आमचे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. आई गेल्यापासून मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांत एकटे राहतात. माझं घर दोन गल्ल्या सोडून. चाळीस वर्षं त्यांनी उद्यमनगरातल्या फौंड्रीत पॅटर्नमेकर म्हणून काढली. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. तो लाकडी नमुना करणारे हात आबांचे. अर्ध्या मिलिमीटरवरून फोरमनशी भांडून, डबा न खाता घरी आलेले आबा मला आठवतात.

तर अशा माणसानं दसऱ्याच्या आसपास दूध गॅसवर ठेवलं आणि ते देवळात जाऊन बसले. शेजारच्या काकूंनी गॅस बंद केला म्हणून बरं. पुढच्या आठवड्यात ते कबनूरला आमच्या मामाकडं जायला निघाले आणि शिरोळच्या एसटीत बसले. शिरोळच्या स्टँडवरून त्यांचा फोन आला, "अगं, मी हिकडं कसा आलो?" मी शाळेत होते. खडू हातातच राहिला. त्यांचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

म्हणून विमान. बाहेरून खेळ, आतून परीक्षा. मी शाळेच्या डायरीची मागची पानं राखून ठेवली आणि आबांच्या चुका तारीखवार लिहायला लागले. माझा त्यात थोडा स्वार्थही होता, तो लपवत नाही. ते पुण्याला गेले असते तर रोज दोनदा गल्ल्या तुडवायचं माझं थांबलं असतं. आणि ते गेले तर मी कुणाकडं जाऊ, असंही वाटायचं. दोन्ही एकाच वेळी वाटायचं. कुठलं खरं ते कळायचं नाही.

पहिल्याच दिवशी माहितीपत्रकानं माझी दांडी गुल केली. एका पानावर लिहिलं होतं, दोन्ही पंखे उलटसुलट दिशेनं फिरले पाहिजेत. दुसऱ्या पानावरच्या चित्रात दोन्ही एकाच दिशेनं फिरत होते. एक मोटार बंद पडली तरी दुसरीवर विमान चालतं, असं भाऊ सांगत होता. मी वाचलं त्यात होतं, की एक बंद पडली तर विमान गिरकी घेऊन खाली येतं. मी आबांना दोन्ही बाजू समजावून सांगितल्या आणि मध्येच मला कळेना, की मी कुठली बाजू मांडतेय.

आबांनी मोटारीची तीन टोकं बोटांनी चाचपली. "तीन वायरी हायत न्हवं? मग ही आपल्या फौंड्रीतल्या मोटारीगत हाय. उलटी फिरवायची तर कुठल्याबी दोन वायरी अदलाबदल करायच्या. सपला इषय."

मला ते पटलं नाही. इतकं सोपं असतं तर माहितीपत्रकात नसतं का लिहिलं? मी डायरीत लिहिलं, 'जुन्या कामाची आणि नव्या कामाची गल्लत करतात.' भावाला फोटो पाठवून विचारलं. त्याचं उत्तर आलं, "बरोबर सांगतायत. दोन वायरी बदलायच्या." मी डायरीतली ओळ खोडली. खोडताना जरा ओशाळले, पण तेवढंच.

आठवड्यानं दुसरी गंमत. विमान मढवायला ती पिवळी फिल्म होती. पातळ प्लॅस्टिक, एका बाजूला डिंक. लाकडावर पसरून इस्त्री फिरवली की चिकटते आणि गरम झाली की आकसून ताणून बसते. आबांनी ती दोन बोटांत चोळून बघितली आणि नाक मुरडलं.

"हे कशापायी? कबनूरला मामाच्या मागावर मलमल निघतंय. त्येला खळ लावून ताणलं की ढोलाच्या कातड्यावानी बसतंय. विमान कापडानंच मढवत्यात."

विमान कापडानं मढवतात! मी मान डोलावली आणि घरी येऊन लिहिलं, 'असंबद्ध बोलतात. विमानाला कापड.' दोन दिवसांनी सहज वाचायला मिळालं, की पूर्वीची खरीखुरी, माणसं बसून उडायची ती विमानं कापडानंच मढवलेली असायची, वरून चिकट लेप देऊन. मग मी तीही ओळ खोडली. डायरीचं ते पान आता मुलींच्या रफ वहीसारखं दिसायला लागलं होतं. लिही, खोड, लिही, खोड. विसरतंय कोण आणि शिकतंय कोण, हे माझं मलाच समजेना. त्यात आबा मध्येच "आज वार कुठला?" असं तीनदा विचारायचे. ती ओळ काही खोडता यायची नाही.

मग पंख आले. डावा पंख आबांनी करायचा आणि उजवा मी, असं ठरलं. नुसतीच समोर बसून बघत राहिले असते तर त्यांना संशय आला असता, म्हणून मीही हात घातला. त्यांच्या टेबलावर एका वेळी एकच पंख मावायचा, म्हणून माझा मी माझ्या घरी करणार होते. एकेक पंख बरोबर सहाशे मिलिमीटर. नकाशा लहान कागदावर छापलेला होता, त्यामुळं सगळी मापं पट्टीनं मोजून मोठी करायची होती. माझ्याकडं फक्त कंपासपेटीतली पट्टी.

"आबा, लांब पट्टी आहे का?"

"खोक्यात हाय बघ. उघडीवाली घे," ते बाहेरच्या कट्ट्यावरून ओरडले. ते कुणाशी तरी बोलत होते, मी फोनवर. त्यातलं 'खोक्यात हाय' एवढंच मी ध्यानात घेतलं.

खोकं म्हणजे त्यांची हत्यारांची पेटी. आत दोन लांब पोलादी पट्ट्या होत्या. एक तशीच पडलेली, काळवंडलेली, कडा झिजलेली. दुसरी लाल फडक्यात नीट गुंडाळून, वर दोरी बांधून ठेवलेली. फडकं सोडलं तर आत लखलखीत पट्टी, एकेक रेघ स्पष्ट. आमच्या घरी लाल फडकं म्हणजे मान. देवाची पोथी लाल फडक्यात. खंडेनवमीला ही पेटी पुजायची तेव्हा तिच्याखाली लाल फडकं. मला वाटलं, ही आबांची पूजेतली, जपून ठेवलेली पट्टी. गणिताच्या बाईला शोभेलशी. मी तीच उचलली आणि फडक्यासकट पर्समध्ये घातली.

तीन रविवार मी खपले. पंखाच्या आतल्या लाकडी फासळ्या कापल्या, चिकटवल्या, टाचण्या लावल्या, बोटं कापून घेतली. उजवा पंख झाला तेव्हा मला स्वतःचं भयंकर कौतुक वाटलं. आबांचाही झाला होता. मी तो घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर दोन्ही शेजारी ठेवले.

आबांचा पंख आखूड होता. लगेच डोळ्यात भरावा असा नाही, पण होता. मी पट्टी लावली. माझा सहाशे. त्यांचा पाचशे चौऱ्याण्णव. पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावली. सहा मिलिमीटर! अर्ध्या मिलिमीटरसाठी उपाशी राहणारा माणूस सहा मिलिमीटर चुकला होता.

इतके दिवस वायरी आणि कापड यांवरून मी गोंधळले होते, कारण ते विषयच माझे नव्हते. पण माप माझा विषय आहे. इथं मला कुणी काही सांगायची गरज नव्हती. गॅस कुणीही विसरेल, एसटी कुणाचीही चुकेल. आबांचं माप चुकणं म्हणजे आतलंच काहीतरी सुटलं. मी भावाला फोन केला. त्यानं दोन्ही मापं लिहून घेतली. मग म्हणाला, "ठीक आहे ताई. मी तिकिटाचं बघतो."

संध्याकाळी दोन्ही पंख बगलेत धरून मी आबांकडं गेले. त्यांनी फळीवरची मोजायची टेप काढली आणि चष्मा लावून मोजलं.

"माझा बरोबर हाय. तुझा मोठा हाय."

"आबा, त्या टेपचं टोक ढिलं झालंय. मी पोलादी पट्टीनं मोजलंय. तीनदा."

"माझा बरोबर हाय," ते पुन्हा म्हणाले. मग टेप गुंडाळता गुंडाळता विचारलं, "कुठल्या पट्टीनं?"

"तुमच्याच. खोक्यातल्या."

त्यांनी पेटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, काय बोलत होतो तेच विसरले. नापास मुलीच्या पालकांशी बोलताना जो आवाज लावते, तो माझ्या नकळत लागला. "असू दे आबा. होतं असं. वयामुळं होतं."

"बरं," आबा म्हणाले. "ठेव हितं. जुळवून देतो."

दोन दिवसांनी पंख जुळले. आबांनी आपल्या पंखाच्या टोकाला सहा मिलिमीटरचा तुकडा असा बसवला होता, की सांधा बोटाला लागेना. मी डायरीत लिहिलं, 'चूक दाखवल्यावर मान्य केली. विरोध नाही.' शेरा द्यायची सवय सुटत नाही.

त्यानंतर आबा मवाळ झाले. जे सांगेन त्याला "बरं". पुण्याला जायचं सांगितलं तरी "बरं". रस्त्याच्या पलीकडच्या माणसाशी इथून गप्पा मारणारा तो माणूस एकदम हळू बोलायला लागला. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटत मात्र नव्हतं आणि का ते कळायचं नाही. निर्णय तर बरोबर होता, मापासकट होता.

मग मढवायचं काम आलं. एका रविवारी सकाळी मी माझ्या घरी टेबलावर चादर घालून, इस्त्री तापवून बसले. फिल्मच्या पाठीमागं एक कागद असतो, आधी तो सोलून काढायचा. त्या कागदावर कापायला सोपं जावं म्हणून सेंटिमीटरचे चौकोन छापलेले होते. त्यावर लाल फडक्यातली पट्टी ठेवली आणि साठ सेंटिमीटरवर खूण केली. सहज चौकोन मोजले. साठ चौकोन संपून वर अर्ध्याहून जास्त चौकोन पट्टीखाली गेला होता.

कागद चुकीचा छापलाय, मी म्हटलं. नाहीतर इस्त्रीच्या धगीनं आकसला असेल. फिल्म आकसते तर कागद का नाही आकसणार? गुंडाळीच्या दुसऱ्या टोकाला, इस्त्रीपासून लांब मोजलं. तेच. मग कंपासपेटीतली पट्टी आणली आणि पोलादी पट्टीला चिकटवून ठेवली. शून्याला शून्य जुळलं. दहापर्यंत एक मिलिमीटर सरकला, पंधरापर्यंत दीड. डोळे चोळले. शिवणाच्या डब्यातली कापडी टेप आणली. टेप, कंपासपेटी आणि कागद, तिघांचं एकमत. वेगळं बोलत होती फक्त ती लखलखीत पोलादी पट्टी.

मी ती उजेडात धरली. कोपऱ्यात बारीक अक्षरं ठोकलेली होती. इतके दिवस मी तो कंपनीचा नंबर समजत होते. एकास शंभर. गुणोत्तर आणि प्रमाण हा धडा मी दर वर्षी शिकवते. सहाशेला सहा.

आणि मग मला आठवलं. मी चौथीत असेन. ताटात भाकरी, आणि आबा आईला आणि आम्हाला समजावून सांगतायत: वितळलेलं लोखंड गार होताना आकसतं, शंभराला एक. म्हणून नमुना तेवढा मोठा करायचा. पण दर मापात एक टक्का मिळवत कोण बसणार? म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच एक टक्का लांब केलेली असते. तिच्यावर शंभर वाचलं की खरे एकशे एक असतात. "खोटी पट्टी म्हणत्यात तिला," आबा म्हणाले होते. "खऱ्या पट्टीत मिसळू न्हाय म्हणून लाल फडक्यात बांधून ठेवायची. लाल म्हंजे हात लावायचा न्हाय." ती खोटी पट्टी लहानपणी मला इतकी आवडली होती, की मी ती गोष्ट शाळेत मैत्रिणींना सांगितली होती. पॅटर्नमेकरच्या मुलीनं, आणि वर गणिताच्या बाईनं, तीच पट्टी मानाची म्हणून उचलली होती.

म्हणजे आबांचा पंख सहाशेच होता. चूक माझी होती. आणि त्यांनी आपल्या बरोबर पंखाला माझ्या चुकीएवढा तुकडा जोडला होता.

इस्त्री बंद केली का, हे मला गल्लीच्या कोपऱ्यावर आठवेना. परत गेले. केली होती. पुन्हा निघाले. हातात पट्टी, पायात दोन वेगळ्या चपला.

आबा आवराआवर करत होते. पेटी दारात आणून ठेवली होती. "पुण्यात हे कुठं ठेवायचं?" ते म्हणाले. "गल्लीतल्या सुताराला देऊन टाकतो."

मी पट्टी त्यांच्यापुढं धरली.

"घावली व्हय?" आबा म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"सहाशेला सहा. ह्यात माहीत नसाय काय झालं? चाळीस वरसं तेच केलं की."

"मग बोलला का नाही आबा?"

"बोललो की. माझा बरोबर हाय म्हटलं. दोनदा म्हटलं." त्यांनी पट्टी घेतली आणि फडक्याची घडी घालायला लागले. "तिसऱ्यांदा म्हटलं असतं, तर म्हातारं तेच तेच बोलतंय म्हणून वहीत लिवलं असतंस."

मी पायरीवर बसले. वही त्यांनी कधी बघितली, विचारायची हिंमत झाली नाही. चहा करायला आत जाताना मी ती रोज टेबलावरच ठेवत होते. मी रडले. चांगली नाक वर ओढत रडले. आबा शेजारी येऊन बसले.

"त्यात रडायसारकं काय हाय? गॅस मीच ठेवलावता. शिरोळलाबी मीच गेलतो. ते काय खोटं न्हाय." त्यांनी फडक्यावरची दोरी आवळली. "कधी कधी मलाच समजत न्हाय बघ, मी चुकलो का लोकं चुकली. तू तोंड पाडून आलतीस, तवा पहिल्यांदा मलाबी वाटलं, गेलं आपलं डोकं. तू पट्टीचं सांगितलंस तवा कुठं जीव भांड्यात पडला. मनात म्हटलं, हात तरी शाबूत हाय."

मी इतके दिवस त्यांच्या डोक्याची परीक्षा घेत होते. आपलं डोकं ठिकाणावर आहे, हे त्या संध्याकाळी त्यांना एकट्यालाच कळलं होतं, आणि ते ऐकून घेईल असं कुणी त्यांच्यासमोर नव्हतं. समोर मी होते.

भावाला फोन केला आणि सगळं सांगितलं. तो हसला, मग म्हणाला, "पण ताई, गॅस?" प्रश्न बरोबर होता. मी एवढंच म्हटलं, "तू ये. पण त्यांना न्यायला येऊ नको, बघायला ये."

तो संक्रांतीनंतरच्या रविवारी आला. तोवर विमान पूर्ण झालं होतं. दोन्ही पंख सहाशे सहा, त्यामुळं तसं कुठंच काही बिघडलं नव्हतं. आम्ही तिघं गावाबाहेरच्या माळावर गेलो. दोन मोटारी उलटसुलट फिरल्या, दोन वायरी बदलल्या होत्या तशा. रिमोट भावाकडं होता. विमान खडखडत गेलं, उडी मारून वर चढलं आणि पिवळं होऊन उन्हात वळलं. आबा दोन्ही हात वर करून ओरडले, "आरं वर! वर घे की!" लांब शेळ्या चारणारा माणूस दचकून बघायला लागला. तो मोठा आवाज मी कित्येक दिवसांनी ऐकला. मी विमानाकडं बघत नव्हते.

उतरवताना भावानं घाई केली. विमान उजवीकडं कलंडलं आणि माझा पंख मधोमध मोडला. आबांचा शाबूत राहिला.

"बरं झालं," आबा म्हणाले. "तसाबी मोठाच हुता."

परत येताना भावानं गाडीतच विषय काढला. मी डायरीची पानं त्याच्यापुढं वाचली, खोडलेल्या ओळीसुद्धा. खोडलेल्या जास्त होत्या. न खोडलेल्या चार उरल्या, त्यातल्या दोन आबांनी स्वतःच "ह्या खऱ्या हायत" म्हणून मान्य केल्या. शेवटी असं ठरलं: गॅस काढून आपोआप बंद होणारी विजेची शेगडी बसवायची, कबनूरला एकट्यानं जायचं नाही आणि रात्रीचं जेवण माझ्याकडं. आबा कोल्हापुरात राहणार. पुढच्या वर्षी काय, ते पुढच्या वर्षी. हे बरोबर उत्तर आहे का, मला माहीत नाही. आबा दिवसेंदिवस जास्त विसरतायत की मी जास्त बघतेय, तेही मला अजून सांगता येत नाही. डायरीची ती पानं मी फाडून टाकली.

नवा उजवा पंख आता त्यांच्याच टेबलावर करतोय आम्ही. त्यांनी डाव्या पंखाचा जोडलेला तुकडा करवतीनं अलगद काढून टाकला. परवा मी गेले तेव्हा ते लाकडी तक्त्यावर वाकले होते.

"शाळंला सुट्टी कवा लागती तुला?"

"मेमध्ये, आबा."

फासळ्या मांडता मांडता त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. थोड्या वेळानं तिसऱ्यांदा विचारलं, आणि मी तिसऱ्यांदाही, पहिल्यांदाच विचारल्यासारखं, सांगितलं.

मग त्यांनी डाव्या पंखाकडं एकदा बघितलं, तक्त्यावर अंदाजानं अंगठा टेकवला आणि पेन्सिलीनं रेघ मारली. टेप नाही, काही नाही.

"हितं काप," म्हणाले.

पट्टी माझ्या हाताशीच होती, काळवंडलेली, खरी. माझा हात तिच्याकडं गेला होता. मी तो मागं घेतला, रेघेवर पातं ठेवलं आणि कापलं.